एक हात वर

वल्लरीने तोंडातला वरणभात तसाच ठेवून एक हात सरळ वर केला आणि देविकाने तो चटकन धरून खाली आणला.

"हे करायचं नाही."

"व्हाय? सकलैनदादा करतो."

"नाही म्हटलं ना. घास गिळ आधी."

देविकाने वाटीत चमचा उगाचच फिरवला. "वहिनी, तिला ग्राउंडवर आण, खेळू दे, पण त्या खुणांचे अर्थ नको सांगत बसूस," क्षितिज डिसेंबरातच म्हणाला होता. ती तेव्हा पोळ्यांना तूप लावत होती. हसून म्हणाली होती, "अरे, चार वर्षांच्या पोरीला कोण विचारायला येणार आहे?"

क्षितिज तिचा धाकटा दीर. नवरा आशुतोष दूरच्या दुक्म बंदरातल्या प्रोजेक्टवर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. म्हणून आखातातल्या त्या शहरात, वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये ती, लेक आणि कॉलेजात शिकणारा क्षितिज असे तिघेच असत. क्षितिज कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. संध्याकाळी सराव असला की तीही वल्लरीला घेऊन गाडीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल खौदच्या मैदानापर्यंत जायची. घरात एसीचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा मैदानाच्या पायऱ्या बऱ्या.

संघाचे कॉर्नर सकलैन मारायचा. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ बॉल ठेवायचा, दोन पावलं मागे यायचा आणि खूण करायचा. एक हात वर केला, की बॉल गोलच्या जवळच्या खांबाकडे. दोन्ही हात, की लांबच्या. कान धरला, की सगळं खोटं. बॉल हळूच बाजूच्याला द्यायचा. वल्लरीचं 'व्हाय' थांबेना म्हणून देविकाने एकदा तिला ते समजावून दिलं, आणि मग घरी त्याचा खेळच झाला. आई हात वर करायची, लेक धावत जाऊन सोफ्याचा जवळचा पाय पकडायची.

गुरुवारी सेमीफायनल झाली. सकलैनचा हात वर गेला की दुसऱ्या कॉलेजची मुलं बॉल निघायच्या आधीच जवळच्या खांबापाशी गोळा होत. दोन हात वर गेले, की सगळी लांब पळत. कान धरला तेव्हा तर त्यांचा गोलकीपर चक्क हसला. पायऱ्यांवर बसलेल्या देविकाच्या हातातली पाण्याची बाटली कलंडली, ते तिला बराच वेळ कळलंच नाही.

दाराचं कुलूप वाजलं. क्षितिज आत आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"झाली मीटिंग?" तिने विचारलं.

"झाली. सकलैनला काढला."

"काढला म्हणजे?"

"म्हणजे टीममधून. खलास. त्याचा मामेभाऊ आहे ना तौहीद, तो त्यांच्याकडून खेळतो. आणखी कोण फोडणार खुणा?"

"पण त्याने कबूल केलं का?"

"कबूल कसलं! कोच हमझा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाबा, घरात कुठे बोललास का? चुकून? तर हा खाली बघत उभा. एक शब्द नाही. मग सर म्हणाले, ज्यांना वाटतं याने टीममध्ये राहू नये, त्यांनी हात वर करा." क्षितिज बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. "सगळ्यांचे गेले."

"तुझा?"

"सगळ्यांचे म्हटलं ना, वहिनी."

तो आंघोळीला गेला. देविकाने वल्लरीचं तोंड पुसलं, मग परत पुसलं. झोपण्यापूर्वी गॅसचं बटण दोनदा बघणारी, गाडीत लेकीचा पट्टा ओढून ओढून तपासणारी, पार्टीत कोण मुलांना शेंगदाणे देतंय यावर डोळा ठेवणारी बाई होती ती. त्या दिवशी मात्र तिने काहीच पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी, म्हणजे वल्लरीच्या वाढदिवसाला. मराठी मंडळातली बरीच माणसं आली होती. क्षितिज शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणायला खाली गेला होता. सकलैन दाराजवळ बूट काढून, वल्लरीसाठी आणलेला छोटा बॉल काखेत धरून उभा होता. तिथे, जशी पाहुणे आल्यावर प्रत्येक घरात सुरू होते तशीच, लेकीला 'हे करून दाखव, ते म्हणून दाखव' अशी देविकाची फर्माईश सुरू झाली होती. ए बी सी डी झाली, शुभंकरोती झालं, गणपतीचं गाणं झालं. आणखी काय दाखवावं, हे सुचेना.

"वल्लू, काकांना सकलैनदादाचा कॉर्नर करून दाखव."

वल्लरीने दाखवला. हात वर, धावत जाऊन सोफ्याचा जवळचा पाय. दोन हात, लांबचा. कान धरून ती खुदुखुदु हसली, "धिस इज खोटं खोटं!" सगळे हसले. मंडळाचे कृष्णकांत काका सर्वांत जास्त हसले. त्यांचा मुलगा त्या दुसऱ्या कॉलेजचा गोलकीपर. हे देविकाला माहीत होतं. त्याच्या आईने केलेलं त्याचं कौतुक तिने त्याच संध्याकाळी ऐकलं होतं.

सकलैन पुढे आला होता. "बस, कप्तानसाहेब," म्हणत त्याने वल्लरीला खांद्यावर उचललं. "भाभी, केक कापू या ना आता. पोरं थांबलीत."

"थांब रे जरा," देविका म्हणाली होती. "काकांनी मोबाइल आत्ता काढलाय. वल्लू, पुन्हा एकदा, पहिल्यापासून."

तिने पुन्हा करायला लावलं होतं. काकांना नीट शूट करता यावं म्हणून लेकीला उजेडाकडे वळवून उभंही केलं होतं.

आणि गुरुवारी, मॅच संपल्यावर, तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. ती गाडीत बसली होती, एसी लावून. सकलैन वल्लरीसमोर गुडघ्यांवर बसून काहीतरी सांगत होता. बाकीची मुलं त्याला टाळून बसकडे चालली होती. देविका खाली उतरली नव्हती.

"वल्लू," तिने आता विचारलं, "गुरुवारी सकलैनदादा तुला काय म्हणाला?"

वल्लरीने छतापर्यंत नजर नेऊन आणली. "सीक्रेट आहे."

"आईला सांगितलं तर चालतं."

"तो म्हणाला, हा गेम आता फिनिश. कोणाला नाही दाखवायचा." मराठी शब्द शोधत ती थांबली. "आणि म्हणाला, मी तुझं नाव सांगणार नाही. प्रॉमिस. तू छोटी आहेस ना."

ओट्यावर कुकरची वाफ अजून हळूहळू निघत होती. देविका ती पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.

क्षितिज केस पुसत बाहेर आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. काकांचा मोबाइल, उजेड, पुन्हा एकदा पहिल्यापासून. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, टॉवेलच्या काठाकडे बघत होती.

क्षितिजने टॉवेल खुर्चीवर टाकला. सकलैनचा नंबर लावून त्याने फोन कानाला लावला. काढला, पुन्हा लावला.

"स्विच ऑफ," तो म्हणाला. "तौहीदलाही विचारतो." मग थोड्या वेळाने, "तिथेही गेलेला नाही. वहिनी, अब्बा त्याचे दुक्मला, आई राजापूरला. इथे तौहीद सोडला तर त्याचं कोणी नाही."

"जा तू. गाडी घेऊन जा."

"जातो. पण पोचायला वेळ लागेल. अल खौदला आत्ता कोणी असेल तर..."

तो किल्ली घेऊन गेला. देविकाने मंडळाचा ग्रुप उघडला. वर कोणीतरी पिकनिकचे फोटो टाकले होते, त्याखाली कृष्णकांत काकांचा जोडलेले हात असलेला सुविचार होता. तिने लिहायला घेतलं, 'काहीतरी गैरसमज झाला आहे.' ते पुसलं. 'कोणाच्या तरी चुकीमुळे' लिहिलं, तेही पुसलं. वल्लरी शेजारी येऊन तिच्या दंडाला डोकं टेकून बसली.

शेवटी जे गेलं ते असं होतं:

'सेमीफायनलच्या खुणा सकलैनने फोडल्या नाहीत. त्या माझ्या घरात, मी, वल्लरीकडून तुमच्यासमोर करून घेतल्या. एकदा नाही, दोनदा. त्याने मला थांबवायचा प्रयत्न केला होता. हे मी हमझा सरांनाही सांगणार आहे. पण आत्ता त्याचा फोन बंद आहे आणि क्षितिज अजून रस्त्यात आहे. तुमच्यापैकी कोणी अल खौदमध्ये असेल तर कृपा करून जा. मशिदीच्या मागची गल्ली, खाली लाँड्री आहे ती इमारत, पहिला मजला, डावीकडचं दार. बेल चालत नाही, दार वाजवा. उघडलं नाही तरी परत फिरू नका, हाक मारा. कोणी पाठवलं विचारलं, तर सांगा, वल्लरीच्या आईने.'