चांदीच्या तारेचा साक्षात्कार

"आहाहा! पडदाच उघडला हो सर!" दंतवैद्य डोळे मिटून म्हणाले. "गाणारी बाई शेजारी बसून श्वास घेतेय असं वाटतंय!"

खोलीत पंधराएक माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि दंतवैद्यांच्या डोक्यावरच्या हेडफोनकडे आशेनं बघत होती. खिडक्यांना जाड पडदे, भिंतीला फोमचे चौकोन, मधल्या टेबलावर अॅम्प्लिफायर आणि त्यामागे सर. हेडफोनबरोबर येणारी साधी तार काढून स्वतः विणलेली चांदीची तार लावायची, हा सरांचा धंदा. मी त्यांना मनातल्या मनात कानगुरू म्हणायचे.

"चांदी श्वास घेते," कानगुरू सांगत होते. "तारेला दिशा असते. उलटी लावलीत तर सूर रुसतात. आणि नवी तार लगेच बोलत नाही. दोनशे तास वाजवा, मोठ्यानं वाजवा, मग ती उमलते."

"आणि फरक ऐकूच आला नाही तर?" मी विचारलं.

"मग कान तयार नाहीत, ताई. तार काय करणार?"

झालं! फरक ऐकू आला तर तार थोर, नाही आला तर तुम्ही कमअस्सल. मग चारचौघांत 'मला नाही ऐकू आला' म्हणायची कुणाची छाती होणार? वकील होते, इंजिनियर होते. अंगात आलेल्या बाईला पोट धरून हसणारी ही माणसं इथं माना डोलवत होती.

मी तिथं गेले होते दादासाठी, त्याच्याबरोबरच. माझा थोरला भाऊ पियानो सुरात लावतो, त्यावरच त्याचं घर चालतं. वर्षभर त्याची एकच तक्रार, "वरचे सूर झाकोळलेत गं." त्यानं हेडफोन बदलले, मग अॅम्प्लिफायर बदलला, आता तारा बदलत होता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! एकदा वहिनीचा फोन आला. दाराची बेल वाजली तरी त्याला कळत नाही, आणि एका संगीतशाळेनं त्याला परत बोलावलंय, कारण त्यानं लावलेल्या पियानोच्या वरच्या पट्ट्या बेसूर वाजतायत. दादाचं म्हणणं, पियानोच खराब आहे.

माझं कामच कान तपासण्याचं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात, वरचे सूर ऐकणाऱ्या बहुधा आधी, आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. आणि हा शहाणा तार उमलावी म्हणून रोज कानठळ्या बसेपर्यंत वाजवत होता!

"एकदा चाचणी करून घे," मी किती वेळा म्हटलं असेल.

"तुझ्या मशीनला काय कळतंय? संगीत आकड्यांत मावत नाही." वाक्य दादाच्या तोंडी, पण होतं कानगुरूंचं. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून त्या दिवशी मी कानगुरूंच्या तोंडाकडे बघितलंच नाही, हाताकडे बघत राहिले. तार बदलायच्या आधी ते आवाज पूर्ण खाली आणत. "हेडफोनला धक्का बसू नये." ठीक. तार बदलली की आवाज परत वर. पण वर म्हणजे कुठवर? त्या बटणावर एक खूणही नव्हती.

पुढच्या बैठकीला मी दवाखान्यातला नकली कान घेऊन गेले. धातूचा वाटीएवढा ठोकळा, आत मायक्रोफोन. आमचे चाचणीचे हेडफोन नीट आहेत ना, ते आम्ही त्याच्यावर तपासतो.

"या डब्याला साक्षात्कार होणार का आता?" कानगुरू हसले. सगळे हसले. दादा मान खाली घालून बसला.

"साक्षात्कार नको सर, आकडा पुरे."

इंजिनियरनी आधी साधी तार ऐकली. मी हेडफोन नकली कानावर ठेवून आकडा घेतला. मग कानगुरूंनी चांदीची लावली, आवाज वर केला, इंजिनियर "वा!" म्हणाले. तो हेडफोन तसाच उचलून मी परत मोजला. तीन डेसिबल जास्त.

"एवढ्याशा वाढीला कान 'मोठा आवाज' म्हणत नाही," मी म्हटलं. "'जास्त स्पष्ट, जास्त जवळचा' म्हणतो. फसतो."

"अहो, चांदीतून जास्त येतं, तेच तर सांगतोय!"

"बरं." मी बटणाला हात न लावता परत साधी तार जोडली आणि मोजलं. आकडा तोच, वाढलेला. तारेनं काही केलं नव्हतं, कानगुरूंच्या हातानं केलं होतं. लबाडी की सवय, ते त्यांनाच ठाऊक.

मग मी तारेवर आणि अॅम्प्लिफायरवर चादर टाकली. "एकदा ऐका, मग दुसऱ्यांदा ऐका. चांदी कुठली ते सांगा."

दादाच पुढे आला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचा चेहरा उजळला. "ही! ही चांदीची! वरचे सूर बघ कसे लखलखतायत!" वकील आणि दंतवैद्यही हेच म्हणाले.

मी चादर काढली. दोन्ही वेळा साधीच तार होती, फक्त दुसऱ्यांदा मी आवाज तीन डेसिबल वर केला होता. चांदीची तार माझ्या पर्समध्ये होती.

वकील म्हणाले, "तरीपण, काहीतरी फरक असतोच हो." आणि दंतवैद्यांनी नव्या तारेची मागणी नोंदवली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "चारचौघांत मूर्ख ठरवलंस मला."

"मूर्ख नाही रे. सूर तारेतून येतायत, दादा. तुझ्यापर्यंत पोचत नाहीयेत." बोलताना मला रडू फुटलं. त्यामुळेच असेल, दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला.

काचेपलीकडच्या बंद खोलीत मी त्याला हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. "सूर ऐकू आला की दाब." खालच्या सुरांना तो पटापट दाबत होता. मी वरच्या सुरांकडे गेले. त्यानं दाबलं की माझ्यासमोर लागणारा दिवा लागला नाही. आवाज वाढवला, आणखी वाढवला. तो ताठ बसून, अंगठा बटणावर ठेवून वाट बघत होता.

"थांबलीस का गं?" त्यानं विचारलं.

"नाही दादा. वाजतंय."

त्यानं बटणावरचा अंगठा काढला. मग म्हणाला, "म्हणजे त्या पियानोला दोष नव्हता."

आता तो हळू आवाजात ऐकतो, कानात यंत्र घालतो आणि वरच्या पट्ट्या सूर दाखवणारा मीटर बघून लावतो. गेलं ते गेलं, उरलेलं टिकेल. वर्षभर आधी आला असता तर किती जास्त उरलं असतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला मात्र सांगते. चमत्कार विकणारा भगवी वस्त्रं घालूनच येतो असं नाही, तो फोमच्या खोलीत गोड बोलत बसलेलाही असतो. तो दाखवेल ते झाकून बघा, मोजून बघा. आणि 'तुमचे कान तयार नाहीत' असं कुणी म्हणालं, तर तार घेऊ नका, कान तपासून घ्या. अर्धा तास लागतो हो फक्त!