फाटकापर्यंत गेलेले वाचक

मित्रांनो, माझा जन्म लोकांना घाबरवण्यासाठी झाला. मी एक जुनी कादंबरी आहे. नाव 'तिरंब्याची माणसं', पानं दोनशे बारा. माझ्या पुठ्ठ्यावर एक बंद खिडकी काढलेली आहे. शिलाई सैल झाली आहे आणि एकशे चाळिसाव्या पानावर कुणाच्या तरी कॉफीचा डाग आहे.

पुण्यातल्या एका छापखान्यात पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मला छापलं. त्याच वर्षी म्हैसूरच्या एका मराठी मंडळाने मला आपल्या वाचनालयासाठी आणलं. तेव्हापासून मी इथलीच.

माझ्यात काय लिहिलं आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल. तिरंबे हे नदीकाठचं छोटंसं गाव. तिथे दरवर्षी दसरा झाला की एक घर गप्प होतं. आधी खिडकीतला दिवा लागत नाही, मग दारातली वर्दळ थांबते. शेजारी ते बघतात आणि म्हणतात, "गावाला गेले असतील." घरात काय शिरतं, ते माझ्या एकाही पानावर दिसत नाही. शेवटच्या प्रकरणात गोष्ट सांगणारा पोस्टमास्तर स्वतःच्या घरात जमिनीवर पडलेला आहे. त्याला हलता येत नाही. बाहेर दोन शेजारी बोलताना त्याला ऐकू येतात. तेही तेच वाक्य बोलतात आणि त्यांची पावलं दूर जातात. तिथे मी संपते.

माझ्या मागच्या कोऱ्या पानांवर वाचकांनी पेन्सिलीने मनातलं लिहिलं आहे. 'दोन दिवस न्हाणीघरात एकटी गेले नाही,' असं एकीने लिहिलं. तिच्याखाली कुणीतरी लिहिलं, 'भूत कुठे आहे? फसवणूक.' त्याच्याखाली तिसऱ्याच अक्षरात, 'परत वाचा साहेब.' रेल्वेच्या कारखान्यातल्या एका गृहस्थांनी मला तीनदा नेलं आणि दर वेळी फक्त तारीख लिहिली. एका नर्सबाईंनी मला अर्धवट वाचून वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणलं आणि 'हे घरात नको' असं सांगून त्या गेल्या. मित्रांनो, खोटं का बोलू, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. माझ्यासाठी लोक नंबर लावत. मला वाटायचं, माणसं घाबरली की माझं काम झालं.

मग दिवस पालटले. मंडळाच्या हॉलची डागडुजी निघाली आणि आमचं कपाट जिन्याखाली गेलं. तिथे वाळवी होती. माझ्या शेजारचा एक जाडा कवितासंग्रह तिने वर्षभरात आतून पोकळ केला. बाहेरून मात्र तो धडधाकट दिसत होता. तब्बल अकरा वर्षं मला कुणी उघडलं नाही.

मानाजीरावांनी मला बाहेर काढलं. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचं घराणं चार पिढ्या म्हैसुरात आहे. त्यांनी मला फडक्याने पुसलं, उन्हात ठेवलं, कण्याला खळ लावली आणि चैत्रालीच्या हाती दिलं.

चैत्राली नाशिकची. सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आली आणि हूटगळ्ळीच्या एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, राहू लागली. ती घरूनच काम करायची. मराठी कानावर पडावं म्हणून तिने चौघांचा वाचनगट सुरू केला होता. ती स्वतः, मानाजीराव, त्यांची कॉलेजात जाणारी नात वर्षिणी, आणि कडकोळच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला सांगलीचा विक्रांत. महिन्याला एक कादंबरी. एकच प्रत असल्यामुळे मी चौघांकडे आठ-आठ दिवस राहिले. शेवटी एका रविवारी दुपारी ते चैत्रालीच्या घरी जमले. मी टीपॉयवर होते, खिडकीपाशी.

"खरं सांगू का," विक्रांतने सुरुवात केली, "मला बोअर झालं. भयकादंबरी म्हणता आणि दोनशे बारा पानांत एक किंकाळी नाही. भूत तर नाहीच."

"अय्यो, भूत कशाला पाहिजे ओ?" मानाजीराव म्हणाले. "ती माणसंच भूत, अल्वा, हो ना? ते वाक्यच भूत. सगळे सारखं तेच म्हणतात बघा. मला त्या वाक्याची भीती वाटली."

वर्षिणी खाली मान घालून बसली होती. तिचं मराठी बेताचंच. "मला हाफ वर्ड्स कळलेच नाहीत," ती म्हणाली. "अज्जांना विचारून विचारून वाचले. पण भीती कळली. त्यांना सगळं दिसतं, तरी कोणी जात नाही. तसं का?"

"कारण ती गोष्ट आहे," चैत्राली हसली. "आमच्याकडे नाही हं असं होणार. लेआउटचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुत्रं भुंकलं तरी चाळीस मेसेज येतात."

सगळे हसले. चिवड्याची बशी फिरली. वर्षिणी मात्र खिडकीतून बाहेर बघत होती.

"अक्का, समोर कोण राहतं? फाटकावरच्या पिशवीत दोन दिवसांचं दूध तसंच आहे. पेपरही खाली पडलेत."

"सत्यनारायण अंकल," चैत्राली कप गोळा करता करता म्हणाली. "एकटेच असतात. गावाला गेले असतील."

मित्रांनो, तेच वाक्य. माझ्या पानांत ते वाक्य एकोणीस वेळा आलेलं आहे, पण जिवंत माणसाच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. चैत्रालीचा हात कपावर तसाच थांबला. विक्रांत मोठ्याने हसला, पण त्याला कुणी साथ दिली नाही.

सत्यनारायण तिला परके नव्हते. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी पावनी जवळच्याच येलवालला दिलेली. सकाळी फाटकाशी उभे राहून ते चैत्रालीला रोज एक कन्नड शब्द शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे. शनिवारी ते फाटकाशी नव्हते. रविवारीही नव्हते. तिच्या ते लक्षात आलं होतं आणि ती कामाला लागली होती.

"चला, बघून येऊ," मानाजीराव काठी घेऊन उठले.

चौघे रस्ता ओलांडून गेले. चैत्रालीने मला हातातच धरलं होतं, पानांत बोट घालून. फाटकाला आडवी कडी होती आणि कडीला कुलूप. विक्रांतने कुलूप हलवून बघितलं. चैत्रालीने हाक मारली, "अंकल! अंकल, इद्दीरा?" आत आहात का, असं ती विचारत होती. ऊन रणरणत होतं. खिडकीवर पडदा होता.

तेव्हा मला आतून काहीतरी ऐकू आलं. लाकडावर नख घासावं तसं, हलकं, थांबून थांबून. कागदाला बारीक आवाज ओळखीचे असतात. जिन्याखाली मी अकरा वर्षं तेच ऐकलं होतं. मला वाटलं, वाळवी असेल. आणि वाळवी नाही असं वाटलं असतं तरी मी काय करणार होते? पुस्तकाला हाक मारता येत नाही.

"कुलूप आहे म्हणजे बाहेर गेलेत," विक्रांत म्हणाला. "उगाच पुस्तकाचं भूत डोक्यात घेऊ नका."

"ग्रुपवर टाकते," चैत्राली म्हणाली. तिने मेसेज टाकला. दोन मिनिटांत कुणीतरी लिहिलं, मुलीकडे असतील. त्यावर अकरा अंगठे उमटले. ते अंगठे बघून सगळ्यांना बरं वाटलं. वर्षिणी एकटीच फाटकाशी रेंगाळली. आजोबांनी हाक मारल्यावर तीही आली. परतताना विक्रांतने काहीतरी गंमत केली आणि ते रस्त्यातच हसले.

सोमवारी सकाळी पिशवीत तिसरं दूध होतं. चैत्राली बराच वेळ खिडकीत उभी राहिली. मग तिने लेआउटच्या जुन्या यादीतून पावनीचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला.

"अप्पा? इल्लिगे बंदिल्ला," पावनीचा आवाज चिरकला. अप्पा इथे आलेच नाहीत. "काय झालं? ते कुठे आहेत?"

पुढचं भराभर झालं. लोक जमले, कुलूप तोडलं, दाराची कडी उचकटली. ते कुलूप सत्यनारायण रोज संध्याकाळी गजातून हात घालून आतूनच लावायचे. कुणालाच ते माहीत नव्हतं. ते खिडकीखाली पालथे पडले होते. शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लावून आत आले आणि घसरले. खुब्याचं हाड मोडलं होतं. सरपटत ते खिडकीपर्यंत आले होते, पण पडदा ओढायला हात पोचला नव्हता; खिडकीखालच्या लाकडी फळीवर नखांचे ओरखडे होते. जीव होता. ओठ फाटले होते, घसा सुकून आवाज बसला होता. चैत्रालीने त्यांच्या तोंडाला ओला रुमाल लावला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून म्हणाले,

"निन्ने नीवु बंदिद्री. ननगे केळिस्तु."

काल तुम्ही आला होतात. मला ऐकू आलं.

जमलेल्या गर्दीत ते फक्त तिने ऐकलं, आणि तिच्या पिशवीतल्या मी.

सत्यनारायण वाचले, पण पाण्यावाचून पडून राहिल्याने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागणार होतं. एक दिवस आधी आणलं असतं तर बरीच आशा होती, असं डॉक्टर म्हणाले. इकडे ग्रुपवर चैत्रालीचं कौतुक सुरू झालं. शेजारी असावेत तर असे, प्रत्येक लेआउटमध्ये एक चैत्राली हवी, हात जोडलेली चित्रं, फुलं. ज्यांनी अंगठे उमटवले होते त्यांनीच फुलं पाठवली. पावनीने तिला फोनवर रडत रडत देवासारख्या धावून आलात म्हटलं.

चैत्रालीने मला कपाटात खाली ठेवलं, पुठ्ठा भिंतीकडे करून. जेवताना तिचा घास हातात राहायचा. आठ दिवसांनी तिने विक्रांतला फोन केला. "मी पावनीला सांगणार आहे. रविवारचं सगळं."

"कशाला?" तो म्हणाला. "म्हातारे काही बोलले नाहीत. आपण तरी गेलो, बाकीचे तर गेलेही नाहीत. सांगून त्यांचं दुखणं कमी होणार आहे का?"

"नाही होणार. पण ती मला देव म्हणते, विक्रांत."

ती येलवालला गेली आणि मला सोबत घेऊन गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पावनीने बसायला खुर्ची दिली. चैत्राली बसली नाही. तिने उभ्या उभ्या, मोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. आम्ही चौघे होतो, हे पुस्तक वाचून त्यावर बोलत बसलो होतो. दूध दिसलं. फाटकापर्यंत आलो. कुलूप बघून परत फिरलो. परतताना हसलो. तुमचा नंबर माझ्याकडे तेव्हाही होता.

पावनीने ती खुर्ची बाजूला सरकवली. दवाखान्यातून तिच्याकडेच आणलेल्या वडिलांच्या खोकल्याचा आवाज आतल्या खोलीतून आला. मग ती म्हणाली, "मी रविवारी घरीच होते. दिवसभर. फोन आला असता तर अर्ध्या तासात पोचले असते."

"हो," चैत्राली म्हणाली.

"मला तुम्हाला माफ करता येत नाही."

"मी त्यासाठी नाही आले."

पावनीने दाराकडे हात केला. चैत्राली निघालीच होती, तेवढ्यात आतून हाक आली. सत्यनारायणांनी तिचा आवाज ओळखला होता. ती आत गेली. ते खूप वाळले होते. त्यांनी तिच्या हातातल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी हेच वाचत होता का? एवढं काय आहे यात? मला सांग."

तेव्हापासून चैत्राली दर शनिवारी येलवालला जाते. मला उघडते आणि एकेक पान कन्नडमध्ये सांगते. शब्द अडला की सत्यनारायण सांगतात. त्यांच्यासारखा वाचक मला कधी मिळाला नव्हता. भीतीच्या जागी ते घाबरत नाहीत. शेजाऱ्यांचं बोलणं आलं की हात वर करून तिला थांबवतात, खिडकीकडे बघत राहतात आणि मग पुढे सांगायची खूण करतात. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी मला मिटायला लावलं.

"अदु बेड," ते म्हणाले. ते नको. "अदु ननगे गोत्तु." ते मला माहीत आहे.

त्या दिवशी पावनी दारात उभी होती. तिने चैत्रालीला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "तुम्ही येत जा. अप्पांसाठी. माझ्याशी बोललं पाहिजे असं काही नाही."

आता मी येलवाललाच असते, सत्यनारायणांच्या उशाशी. या घरात मला वाचू शकणारं कुणी नाही. चैत्राली येते तेव्हा नवं काहीतरी आणते आणि ते सांगते. माझ्या मागच्या कोऱ्या पानावर तिने काहीच लिहिलेलं नाही.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, माझ्यावर कप ठेवू नका, मला दमट जागी टाकू नका, हे सगळं खरंच. पण मला एक जास्त मोलाचं मागायचं आहे. मी तुम्हाला घाबरवू शकते, जागेवरून उठवू शकत नाही. पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या भीतीवर खूश होते, आणि ज्या दिवशी ती भीती खरोखर कामाला यायची होती, त्या दिवशी ती फाटकाशी थांबली. म्हणून शेजारच्या दारात काही खटकलं, तर कुलपाला विचारून परत फिरू नका. ग्रुपवर किती अंगठे आले ते मोजू नका. ज्याला माहीत असेल त्याला फोन करा, दार वाजवा, पुन्हा वाजवा. आणि आतून कुणी चिडून म्हणालं, "काय कटकट आहे, झोपूही देत नाही!" तर माफी मागा आणि आनंदाने घरी या.