एका जाडजूड लॅपटॉपची कैफियत

मित्रांनो, मी आठ वर्षांचा, काळा, जाडजूड लॅपटॉप आहे. म्हातारपणाची मला लाज वाटत नाही. किळस येते ती माणसांची, आणि ती का येते ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या आणि विंडोजचा माझा स्वतःचा परवाना होता. पुण्यातल्या एका विमा कार्यालयात मी लागलो. माझ्यासमोरचे गृहस्थ जेवायच्या सुट्टीतही उठत नसत. भेळ माझ्यावरच खायचे आणि बोटं एंटरच्या कळीला पुसायचे. माझ्या एका कळीखाली पाच वर्षं अर्धा शेंगदाणा होता. तरी मी कधी अडलो नाही. "हा गडी कधी बंद पडत नाही," असं साहेब एकदा सर्वांदेखत म्हणाले. त्याच महिन्यात नवी यंत्रं आली आणि आम्हा चाळीस जणांना पोत्यात भरून टेम्पोत फेकलं.

टेम्पो थांबला शिरूरच्या एसटी डेपोजवळ, विश्वजीतच्या दुकानापुढे. जुने लॅपटॉप 'नव्यासारखे' करून विकणं हा त्याचा धंदा. त्याने माझा शेंगदाणा काढला, तेवढंच काय ते पुण्य. मग पोट उघडून मेमरीची एक पट्टी काढली आणि खणात टाकली. पाठीवर निळा चकचकीत कागद डकवला. आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारा पेनड्राइव्ह खुपसून चोरीची विंडोज माझ्यात ओतली. माझा परवाना माझ्याच पोटात असताना! पण विचारतो कोण? दुकानातल्या सगळ्यांना त्याने तेच पाजलं होतं. एकाच वस्तऱ्यानं अख्ख्या गावाची दाढी.

एका गुरुवारी खुटबावची हर्षदा दुकानात आली. सोबत तिचे चुलते, ज्योतिबा आप्पा. हर्षदा आयटीआयमध्ये इमारतींचे नकाशे काढायला शिकलेली. दौंडच्या ईश्वर साहेब नावाच्या इंजिनिअरने तिला एका शेडचा नकाशा नमुना म्हणून काढायला दिला होता. सोमवारी सकाळपर्यंत तो बिनचूक करून पाठवला, तर घरबसल्या कायमचं काम. नाही जमलं, तर ते काम दुसऱ्या कुणाला. तिच्या हातात चिठ्ठी होती. नकाशाचं सॉफ्टवेअर कोणतं, त्याला विंडोज कोणती लागते, मेमरी किती, डिस्क कसली, सगळं तिने ओळीने लिहून आणलं होतं.

"ठिव ती चिठ्ठी," आप्पा म्हणाले. "तीस वर्सं मेंढरं पारखली म्या. मेंढरू पळून तरी जातंय, ह्यो कुठं पळतोय?"

आणि मित्रांनो, त्यांनी मला खरंच मेंढरासारखं पारखलं. झाकण वर करून कळा पाहिल्या. "दात पुरं हायत." पाठीवर पंजा दाबला. "अंगानं भरलेला हाय." दोन्ही हातांनी उचलून वजन घेतलं आणि मान डोलावली. माझ्या शेजारी एक लहानसा, करड्या रंगाचा लॅपटॉप होता.

"आप्पा, ह्यो बघा ना. माझ्या कामाचं सगळं ह्यात हाय," हर्षदा म्हणाली.

"त्यो? करडू हाय ते. वारं सुटलं तर हुडकीत बसशील."

विश्वजीत लगेच पुढे झाला. "आप्पा, नजर म्हंजी तुमचीच. ह्यो बघा, झाकण उघडताच कसा डोळं उघडतोय!" डोळे उघडेनच की. मला त्याने सकाळपासून चालूच ठेवलं होतं.

आप्पांनी मलाच घेतलं. घरी पहिल्यांदा मला बंद करून चालू केलं, तेव्हा आप्पांच्या बायकोने, धुरपदाकाकूंनी, चहा टाकला होता. तो उकळला, गाळला, पिऊन झाला, कपबश्या धुतल्या. मी आपला पडद्यावर गोल गोल फिरतोच आहे. कुरकुंभला शिफ्टला जाणारा शेजारचा गोकुळ तेवढ्यात डोकावला. सल्ला द्यायला माणसाला आमंत्रण लागत नाही.

"विंडोज काढून लिनक्स टाक त्यात. फुकट. व्हायरसची बी झंझट न्हाई."

"गोकुळभाऊ, माझं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत न्हाई."

"मग सॉफ्टवेअर बदल."

"आन् साहेब बी बदलू का?"

लिनक्स वाईट नव्हे. माझ्या टेम्पोतले दोघे त्याच्यावर सुखात आहेत, असं ऐकतो. पण ज्याच्या त्याच्या तोंडी आपलंच औषध. दुखतंय कुठे, ते विचारायची सवय नाही.

शुक्रवारी दुपारी हर्षदाने सलग तीन तास नकाशा काढला. शेडचे खांब झाले, छत झालं, शटर झालं. सेव्ह करायला गेली आणि तिथेच मी गोठलो. तीन तासांचं काम गेलं. कळांवरची बोटं उचलून तिने हात मांडीवर ठेवले, बस्स. माझी मलाच शिसारी आली.

काकूंनी मात्र आप्पांना सोडलं नाही. "बाजारात मेंढराला मीठ चारून पाणी पाजत्यात, पोट फुगवून उभं करत्यात, ह्ये मला कुणी सांगितलं? तुम्हीच ना? मग ह्येला उपाशी उभा करून बघितला व्हता का?"

"म्हंजी?" आप्पा म्हणाले.

हर्षदाने एकदम मान वर केली. "आप्पा, दुकानात ह्यो चालूच व्हता. बंद करून पुन्हा चालू केलाच न्हाई आपण."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मेंढराच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं.

शनिवारी दुकान उघडायच्या आत आम्ही शिरूरला हजर. विश्वजीतकडे गिऱ्हाइकं येईपर्यंत आप्पा बाजूला थांबले. चार माणसं जमल्यावर म्हणाले, "बंद कर ह्येला. आता चालू कर." आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसले.

"आप्पा, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"खोळंबू दे की. त्यास्नी बी दिसंल."

मला नऊ मिनिटं लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या संथपणाचा अभिमान वाटला. एका बाईंनी हातातला लॅपटॉप हळूच काउंटरवर ठेवून दिला.

"पोरी, चिठ्ठी वाच," आप्पा म्हणाले. "आन् तू ऐक रं."

हर्षदाने एकेक ओळ वाचली. पोट उघडायला लावलं. "हितली पट्टी कुठंय?" खणातून पट्टी निघाली. खडखडणारी जुनी डिस्क गेली, तिच्यासोबत चोरीची विंडोजही; वेगवान एसएसडी डिस्क आली. तिच्यावर हर्षदाने स्वच्छ विंडोज टाकायला लावली, आणि त्या विंडोजला माझ्या पोटातला परवाना आपोआप सापडला. पारोसं तोंड धुतल्यावर वाटतं, तसं मला वाटलं. डिस्कचे पैसे मागायला विश्वजीतने तोंड उघडलं होतं. गिऱ्हाइकांकडे बघून त्याने ते मिटलं.

रविवारी नकाशा पुरा झाला. सोमवारी सकाळी गेला. अकराला ईश्वर साहेबांचा फोन आला. "शटर आतल्या अंगाला दाखवलंस, ते बाहेर घे. बाकी ठीक. दुसरा नकाशा पाठवतोय."

हर्षदाने एवढंच विचारलं, "कवापर्यंत पायजे, साहेब?"

आता आप्पा गावभर सांगतात, की हा लॅपटॉप त्यांच्याच नजरेत भरला होता. ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. आणि लोकही असे, की खरं मानतात! परवा गावातले हौसराव आले. "आप्पा, नातीला लॅपटॉप घ्यायचाय. चल शिरूरला, तू पारख करून दे."

मी कपाळाला हात लावणार होतो, पण मला हात नाहीत.

"काय काम करायचंय तिला?" आप्पांनी विचारलं.

"ते तिला ठावं. आपण जाऊन घिऊन येऊ की."

"मग तिला घिऊन ये," आप्पा म्हणाले. "तू न्हाई आलास तरी चालंल."

मित्रांनो, आमच्यावर भेळ सांडू नका, पोटातल्या पट्ट्या चोरू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याच्याही आधी एक करा. लॅपटॉप ज्याच्या मांडीवर बसणार आहे, त्याला विचारा. बाकीच्यांना बाहेर बसवून चहा पाजा.