चालेल, पण कुठपर्यंत

हे कुणाला खरं वाटणार नाही. वाटू नये अशीच माझी इच्छा आहे, कारण वाटलं तर उद्या कुणीतरी करून बघायला जाईल आणि त्याच्या बायकोपोरांचे शिव्याशाप मला लागतील. पण अकरा वळणांचा घाट मी गाडी उलटी घालून चढलोय. रिव्हर्समध्ये. आरशात बघून नाही, मान वळवून. ती मान अजून पुरती जागेवर आलेली नाही. तुम्ही पायरीवर माझ्यासमोर बसलायत, बोलतोय मी तुमच्याशी, आणि नाक बघा कसं शेजारच्या दाराकडे गेलंय.

हसा. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

गोष्ट अक्काची आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईनंतर मला तिनेच वाढवलं, आणि माझी बायको गेल्यावर पुन्हा तिनेच येऊन घर हातात घेतलं. तिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता रक्त मशीननं धुवायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. मशीन होतं घाटापलीकडच्या इस्पितळात. सकाळी दहाच्या आत खुर्चीत बसायचं, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला, कारण बाहेर बाकावर तशीच दहा माणसं सुजलेले पाय घेऊन बसलेली असत. बस घाटातून जायची ती दुपारी. म्हणजे अक्काचा जीव माझ्या गाडीत अडकलेला होता, आणि गाडी होती चोवीस वर्षांची. एका दाताच्या डॉक्टरकडून घेतलेली. त्यानं लोकांचे काढले तसे गिअरचेही दात काढून ठेवले होते.

मी रोज सकाळी अक्काच्या घोट्यावर बोट दाबून बघायचो. दाबलं की खड्डा पडतो. तो लगेच भरून आला तर दिवस चांगला. तसाच राहिला तर अंगात पाणी साठतंय. ते पाणी आधी पायात असतं, मग पोटात, मग फुफ्फुसात चढतं आणि माणूस कोरड्या खोलीत, खाटेवर बसल्या बसल्या बुडतो. हे मला तिथल्या नर्सनं सांगितलं, शांतपणे, पट्टी बांधता बांधता. त्या दिवसापासून झोपेत मला पाण्याचाच आवाज यायचा.

एका शनिवारी परत येताना चौथ्या वळणाच्या चढावर इंजिन एकदम बोंबलायला लागलं आणि गाडी मात्र होती तिथंच रेंगाळली. मी पाय अजून दाबला. आवाज वाढला, वेग नाही. मग वास आला. चपलेचा जुना तळ चुलीत टाकावा तसा. तो वास इतका जबरदस्त होता की झाडावरच्या मधमाश्या पोळं सोडून खालच्या गावात राहायला गेल्या. अक्कानं पदर नाकाला लावला आणि विचारलं, काय जळतंय रे? मी म्हटलं, पुढच्या ट्रकचं असेल. पुढे ट्रक नव्हता.

आमचा मिस्त्री हुशार, पण त्याला सगळा गाव ‘उद्या’ म्हणतो. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसावं. कुठलंही काम सांगा, उत्तर एकच. उद्यानं गाडी दोन गल्ल्या फिरवली, उतरला आणि हाताचे दोन तळवे एकमेकांवर दाबून मला दाखवले. हा तळवा इंजिन, हा तळवा चाकं. मध्ये असते क्लचप्लेट. दोघांनी तिला घट्ट धरलं की गाडी चालते. प्लेटचं अस्तर झिजलं की तळवे एकमेकांवरून घसरतात, इंजिन फिरत राहतं आणि चाकं ऐकत नाहीत. आत तीन वस्तू असतात, म्हणाला. एक प्लेट, दुसरी तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट, तिसरं बेअरिंग. तिन्ही एकदम बदल. त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि ऑपरेशनला पोट दोनदा फाडत नाहीत.

मी पैशांचं पाकीट घेऊन स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. पाकीट म्हणजे, मशीनचं बिल बाजूला काढून जे उरलं ते. जाडी सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल.

दुकान अरुंद. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मध्ये एका माणसापुरती वाट, काउंटरवर पत्रा ठोकलेला आणि त्या पत्र्यावर हजार नटबोल्टांनी काढलेले ओरखडे. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. त्यानं गाडीचं साल विचारलं, मी सांगितलं, आणि तो घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून शिडीवर चढला. खाली आला तेव्हा हातात तीन पर्याय. एक, कंपनीचा पूर्ण सेट, तिन्ही वस्तू एकाच खोक्यात. त्याची किंमत ऐकून मी खोक्याला हातसुद्धा लावला नाही. दुसरा, कुणा अनोळखी कारखान्याचा पूर्ण सेट, माझ्या पाकिटात बरोब्बर मावणारा. पण खोक्यावरचं छापील अक्षर पुसट होतं, आणि प्लेट हातात घेतली तर हलकी, बिस्किटासारखी. तिसरा पर्याय, कंपनीची नुसती प्लेट. जड. थंड. अस्तराची कड धारदार, ते ठोकलेल्या रिबिटा चकचकीत. तीही पाकिटात बसत होती, मग मात्र प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच ठेवायचं.

मी दोन्ही प्लेटा दोन हातांत घेऊन उभा राहिलो. तुम्ही म्हणाल, लोखंडाचे दोन तुकडे, त्यात घाबरायचं काय? अहो, मला त्या प्लेटा दिसतच नव्हत्या. मला घोट्यावरचा खड्डा दिसत होता. हलकी घेतली आणि घाटात तिचे तुकडे झाले तर? जड घेतली आणि जुन्या प्रेशर प्लेटनं तिला धरलंच नाही तर? दुकानात पंखा होता तरी शर्ट पाठीला चिकटला. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. एकानं खाकरून दाखवलं.

शेवटी मी विचारलं, “प्रेशर प्लेट जुनीच ठेवली तर?”

दुकानदारानं चष्मा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, “चालेल.”

आता बघा, हा शब्द फक्त आपल्याकडेच असला दगाबाज आहे. गाडी चालेल तेही चालेल, आणि नाइलाजानं निभावून न्यायचं तेही चालेल. त्याला दुसरं म्हणायचं होतं, मी पहिलं ऐकलं. घाबरलेल्या माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. मी जड प्लेट घेतली, कागदात गुंडाळली आणि बाळाला घ्यावं तशी छातीशी धरून निघालो.

उद्यानं कागद सोडला, प्लेट उलटीसुलटी केली आणि बाकीचं कुठाय म्हणून विचारलं. मी सांगितलं, जुनंच घाल. तो सरळ वाकला. गाडीखाली गेला. खालून त्याचे नुसते पाय दिसत होते, आणि त्या पायांकडूनच प्रश्न आला.

“दुकानदार काय म्हणाला?”

“चालेल म्हणाला.”

“कुठपर्यंत, ते विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. परत जाऊन विचारायचं धाडसही झालं नाही. घरी येऊन अक्काला सांगितलं, तिन्ही नवीन घातल्या. ती म्हणाली, बरं झालं.

तर मंगळवारची पाळी कशीबशी उरकून गाडी टाकली होती, आणि हा उद्या पठ्ठ्या ती बुधवारी देणार होता. बुधवारचा उद्या गुरुवार, गुरुवारचा उद्या शुक्रवार. गुरुवारची मशीनची पाळी हुकली. इस्पितळात फोन केला तर डॉक्टर म्हणाले, एक चुकली ती चुकली, शनिवारची चुकवू नका. पुढे काही बोलले नाहीत. डॉक्टर पुढे बोलत नाहीत तेव्हा समजून घ्यायचं असतं.

शनिवारी सकाळी मी अक्काच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला. मी मनात दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. खड्डा होता तसाच. तिचं पाऊल चपलेत जाईना, म्हणून माझी चप्पल घातली. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून ती आदली रात्र खुर्चीत बसून होती, आणि दर चार शब्दांनंतर थांबत होती. चल, म्हणाली. उशीर. होईल.

सपाटीवर गाडीनं इतकं गुणाचं पोर असल्यासारखं वागून दाखवलं की मी शीळ घालायला लागलो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या चढावर इंजिनचा आवाज वर गेला.

गाडी गेली नाही.

तो आवाज मी ओळखला. प्लेट नवी होती, पण तिला मागून दाबणाऱ्याच्या अंगात जोर उरला नव्हता. डावीकडे कडा, उजवीकडे दरी आणि दरीच्या बाजूला रस्त्याला कठडा नाही, नुसते चुना लावलेले दगड, दोनांत एक पडलेला. पेडल थोडं सोडलं, थोडं दाबलं, गाडी इंच इंच पुढे. वास आला. आरशात अक्का दिसली. ती मागच्या सीटवर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, ओठांना निळसर रंग. सव्वानऊ झाले होते. फोनला रेंज नाही. मागे वळावं तर घरात तिच्यासाठी काही नव्हतं. पुढे जावं तर गाडी नाही म्हणत होती.

आणि मग मला आठवलं, की गाडीत सगळ्यात ताकदीचा गिअर रिव्हर्स असतो. पहिल्यापेक्षाही बलवान. मोठ्या ओझ्याला जो गिअर कमी दमतो, तो क्लचलाही कमी दमवतो. तिसऱ्या वळणावर रस्ता जरा रुंद होता. तिथं मी गाडी फिरवली, तोंड उताराकडे, पाठ चढाकडे, रिव्हर्स टाकला, देवाचं नाव घ्यायलाही तोंडात थुंकी नव्हती, आणि पेडल सोडलं.

चढली. आईशपथ चढली. एका हाताने स्टिअरिंग, दुसरा हात सीटच्या पाठीवर, मान मागे. मागच्या काचेतून मला फक्त आभाळ, रस्त्याचा एक तुकडा आणि मध्ये अक्काचं डोकं. ती डुलली की रस्ता दिसेनासा व्हायचा. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता चाक चुन्याच्या दगडावर चढणार. सहाव्या वळणावर मागचं एक चाक खरंच हवेत फिरलं. खालून खडी घरंगळत गेल्याचा आवाज आला आणि तो आवाज संपेचना. मी श्वास घेतला नाही. आठव्या वळणापर्यंत घेतला नाही.

वरून येणाऱ्या लोकांची त्रेधा वेगळीच. एका ट्रकवाल्याला वाटलं, ही गाडी पुढे घाट उतरतेय आणि आपल्याला साइड देत नाही. तो हॉर्न मारत मागे लागला, आणि मी जवळ जवळ यायला लागलो तसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. आपणच उलटे चाललोय की काय अशी त्याला शंका आली. शेवटी तोही रिव्हर्स घालून माझ्यापुढे वर निघाला. दहाव्या वळणाला आम्ही पाच वाहनं होतो, सगळी उलटी, वरात निघाल्यासारखी. माथ्यावरच्या टपरीवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि घाबरून स्वतःही उलटा चालत आत गेला.

मी मात्र अक्काच्या छातीकडे बघत होतो. वर होतेय. खाली होतेय. एकदा वर जाऊन तिथंच थांबली. अकरावं वळण समोर आणि ती खाली येईना. मी हाक मारली. पुन्हा मारली. घसा फाटेपर्यंत मारली, आणि गाडीला म्हटलं, तू कुठपर्यंत चालणार ते मला आता कळायला नको, फक्त—

“खोटं,” माझ्या पाठीमागे घराच्या खिडकीतून आवाज आला.

पायरीवरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या. माझीही वळली, अगदी सहज. खिडकीच्या गजांना धरून अक्का उभी होती, हाताला मशीनच्या सुईची ताजी पट्टी.

“रिव्हर्स नव्हता नि फिव्हर्स नव्हता. गाडी सरळच चढत होती, शंभर पावलं जायची आणि दमायची. हँडब्रेक धरत नव्हता, तुझा पाय ब्रेकवरून निघत नव्हता, हात स्टिअरिंगला चिकटले होते. आणि मी कुठली रे मागच्या सीटवर?” ती श्वासासाठी थांबली. “मी रस्त्यावर होते, धाकट्या. तुझी चप्पल घालून. चाकामागे दगड मी लावत होते.”