आकाशवाणी वरच्या बँडवर

दुपारी तीनलाच सभागृह खचाखच भरलं होतं. खुर्च्या संपल्या, तशी माणसं दारात मिळालेली नंबराची चिठ्ठी धरून भिंतींना टेकून उभी राहिली. व्यासपीठावर लोकरी कानटोपी घातलेले बाबा डोळे मिटून गरजले, "नऊ नंबर! शिंपीणबाई, डाव्या खांद्यात कळ येते. भावाशी अबोला आहे. बोलू नका, मला सगळं दिसतंय!"

शिंपीणबाई रडायलाच लागल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी ताईही होती. मी औषधांच्या दुकानात काम करते. ताईला फिट्स येतात. दर महिन्याच्या गोळ्या ती माझ्याकडूनच नेते. या महिन्यात आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "बाबांनी बंद करायला सांगितल्यात. मी तोंडही उघडलं नव्हतं गं, तरी त्यांनी माझा आजार सांगितला!" काल ती स्वयंपाकघरात कोसळली. शेगडी बंद होती म्हणून बरं. तरी गोळी घ्यायला तयार नाही.

बाबांना कुणीतरी गुपचूप सांगत असणार, असा मला संशय होता. म्हणून आज मी भावोजींनाही ओढून आणलं. ते बसच्या वर्कशॉपमध्ये वायरमन, पण जीव सगळा हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांत. गाडीत दोन बँडचा सेट बसवलाय. दोन्ही बँड एकदम ऐकतो. स्कॅनला लावला की कुणी बोलत असेल तिथे आपोआप थांबतो. हे कौतुक मी जेवताना शंभरदा ऐकलंय. आज पहिल्यांदाच मन लावून ऐकलं.

गाडीत जाऊन पाच मिनिटांत भावोजी सभागृहाच्या खिडकीशी, मी उभी होते तिथे आले. "सापडले तुमचे बाबा, वरच्या बँडवर!" त्यांनी लांब वायरचा स्पीकर खिडकीतून माझ्या हातात दिला. "आपण फक्त ऐकायचं."

स्पीकरमधून बाईचा आवाज आला, "सोळा नंबर. न्हावी. मुलगी दोन वर्षं बोलत नाही."

पाठोपाठ बाबा गरजले, "सोळा नंबर! न्हावीदादा, लेक दोन वर्षं बोलत नाही!"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. बाबा चपापले. "भक्तहो, ही... ही आकाशवाणी आहे!"

"ते दिसतंयच," मागून कुणीतरी म्हणालं. "स्टेशन कुठलं?"

स्पीकर पुन्हा बोलला, "अहो, गडबड कसली? टोपीतलं यंत्र सरकलं का? डावीकडून दाबा."

बाबांचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला. सभागृह हास्यात बुडालं.

न्हावीदादा मात्र हसले नाहीत. वर जाऊन त्यांनी सराईत हातानं टोपी उतरवली. कानातलं यंत्र वायरीला लोंबकळलं. "बाहेर पाणी देणाऱ्या बाईंना मी लेकीचं सांगितलं होतं. हा त्यांचाच आवाज," ते म्हणाले. "इतक्या मायेनं कुणी विचारलंच नव्हतं."

ताईचा चेहरा उतरला. "मलाही विचारलं होतं त्यांनी. मी कसं विसरले?" मग ती भावोजींवरच घसरली, "तुम्ही आधी नाही का यायचं?"

"तूच येऊ देत नव्हतीस!"

तिनं माझ्यापुढे हात पसरला. मी पर्समधून गोळीची पट्टी काढून दिली.

त्या सभागृहातलं प्रत्येक दुःख खरं होतं. खोटी होती ती ते ओळखण्याची विद्या. तुमच्या मनातलं कुणी अचूक सांगितलं, तर पाया पडण्याआधी एवढंच आठवा: हे आपण कुणाला बोललो होतो? आणि गोळी बंद करायची असेल, तर ते डॉक्टरांना विचारा.