दातदुखीची रजा

शब्दकोशाच्या कचेरीत त्याच्या टेबलावर ‘विवाह’ हा शब्द आला, तो नेमका आईच्या लग्नाच्या आठवड्यात.

कचेरीत त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. साठी उलटलेली आई कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांशी लग्न करतेय, हे त्याच्या तोंडातून निघतच नव्हतं. रजा मागताना त्याने दाढेचं निमित्त सांगितलं. संपादकबाई म्हणाल्या, “दुखतेय ना, मग काढूनच टाक. कुरवाळत बसू नकोस.”

आदल्या संध्याकाळी आई नव्या कपड्यांना इस्त्री करत होती.

“आज कुठला शब्द?” रोजच्यासारखं तिने विचारलं.

“विवाह,” तो खाली बघत म्हणाला. “वि आणि वह्. वह् म्हणजे वाहणं. नवरीला बापाच्या घरून वाहून न्यायचं, असा मूळ अर्थ.”

आई हसली. “माझं अगदी तसंच झालं बघ. ट्रंकेसारखी उचलली, ट्रंकेसारखी ठेवली. कुणी विचारलं का मला?” आणि इस्त्रीच्या लयीत ती गुणगुणली,

“पहिल्या खेपेला, बाई, वाहून मला नेलं,
दुसऱ्या खेपेला माझं पाऊल मीच टाकलं.”

मग इस्त्री उभी करून म्हणाली, “उद्या जिन्यावर तेवढा हात दे हं. गुडघा ऐकत नाही माझं. आणि तुझाच हात हवाय मला.”

“देईन की,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं लग्ननोंदणीच्या कचेरीपाशी पोचली. आईच्या हातात पिवळी फुलं, काकांच्या अंगात बाह्या आखूड झालेला कोट. आई पायरीवर पाऊल ठेवणार, तोच समोरून संपादकबाई आल्या.

“काय रे, काढलीस का दाढ?”

त्याचा हात आपोआप गालावर गेला. “नाही अजून... म्हणजे...”

आईने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. फुलं धरलेला तिचा हात हळूच पाठीमागे गेला.

“रात्रभर तळमळत होता हो,” ती म्हणाली. “आता तिकडेच निघालोय. मी आपली सोबतीला.”

“लवंग धरायला सांगा त्याला दाढेखाली. आणि कोमट पाण्याच्या गुळण्या.”

“हो, हो. सांगते ना,” आई मान डोलवत राहिली.

काका शेजारच्या दुकानाच्या काचेतल्या चपला बघत होते. इतकं मन लावून, की जणू या मायलेकांची आणि त्यांची ओळखच नाही.

बाई पुढे गेल्या.

“आई...”

“चल, उशीर होतोय.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला तो काकांकडे, आणि दोघं आत गेली.

तो मागे वळला आणि धावत सुटला. बाईंचा एक पाय बसच्या पायरीवर होता.

“बाई, दाढ नाही. आईचं लग्न आहे. आत्ता, तिथे.”

बाईंनी पाय खाली घेतला. बस निघून गेली.

“आणि त्या तुझ्यासाठी माझ्याशी खोटं बोलल्या?”

त्याने मान डोलवली.

“मग माझ्यापाशी काय उभा आहेस?”

जिना तो धापा टाकत चढला. वर लांबलचक बाकावर दोघं आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. त्याने आईपुढे हात केला.

“आता कशाला?” आई म्हणाली. “चढले मी.”

काका सरकले. दोघांच्या मध्ये त्याच्यापुरती जागा झाली. तो बसला.

आईच्या मांडीवर फुलं होती. पाठीमागे मुठीत आवळून धरली होती तिथे त्यांचे देठ मोडले होते. तो एकेक देठ सरळ करू लागला. बोट काढलं की फूल पुन्हा मान टाकत होतं.

“राहू दे,” आई म्हणाली. “चालतील तशीच.”