खिळ्यावरची कात्री

मित्रांनो, आधी एक कबूल करा. माझी गोष्ट ऐकून झाल्यावर मला कागद कापायला मागायचं नाही. कबूल असेल तरच पुढे बोलते. मी एका शिंपिणीची कात्री आहे. वय झालं आहे, मुठीवरचा काळा रंग उडाला आहे, पण रेशमी कापडावर मला आजही कुणी हरवून दाखवावं! स्वतःची स्तुती स्वतः करू नये हे मला कळतं. पण माझं कौतुक करणारी बाई आता दुकानात नसते, म्हणून हे कामही माझ्याकडेच आलं आहे.

माझा जन्म मेरठचा. भंगारात गेलेल्या एका ट्रकच्या लोखंडातून मला घडवलं. तापवलं, ठोकलं, दगडावर घासलं. मग दोन पाती एका स्क्रूने जोडली आणि आयुष्यभर एकमेकींना घासत राहा म्हणून सोडून दिलं. तिथून निघाले ती थेट मुंबईत, विक्रोळीला, कन्नमवार नगरातल्या शुभाताई परबांच्या दुकानात.

दुकान म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली. शिलाईच्या दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, दारात फॉल-पिकोची पाटी. शुभाताई सावंतवाडीकडच्या. त्यांचे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, आणि दुकानातली माणसं हीच त्यांची माणसं झाली. राग आला किंवा माया आली की त्यांच्या तोंडून मालवणी येतं. एरवी त्या गिऱ्हाइकांशी गिऱ्हाइकांच्याच भाषेत बोलतात.

या दुकानात एक रीत आहे. जो कापतो त्याची स्वतःची कात्री असते आणि ती संध्याकाळी टेबलामागच्या खिळ्याला टांगायची. घरी न्यायची नाही. ज्या दिवशी दुकान सोडायचं, त्याच दिवशी ती खिळ्यावरून काढून न्यायची. दुसरी रीत अशी, की जो कापेल त्याने ते शिवूनही द्यायचं. कापलेलं कापड दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही.

माझ्या आधी इथे केतन नावाचा एक कारागीर होता. हाताला फार सफाई होती म्हणे त्याच्या. ऐन लग्नसराईत एका सकाळी शुभाताईंनी शटर वर केलं, तर खिळा रिकामा. केतनने आदल्या संध्याकाळी गुपचूप कात्री काढून नेली होती. भांडुपला दुसरं दुकान पकडलं आणि इथे कापलेल्या कपड्यांचा ढीग टाकून गेला. कुठली बाही कुठल्या ब्लाउजची, हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात. त्या लग्नसराईत शुभाताईंनी गिऱ्हाइकांच्या खूप शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून शटर वर केलं की त्यांची नजर आधी खिळ्याकडे जाते. देवाच्या फोटोकडे नंतर.

मला वापरायला मिळाली ती मालन. मालन वाघमारे, पार्कसाइटच्या वस्तीत राहणारी. आली तेव्हा हुक आणि काज-बटणाचं हातकाम करायची. बोलायची कमी, बघायची जास्त. शुभाताई कापायला लागल्या की हिची सुई थांबायची. शेवटी एकदा शुभाताईंनी वैतागून टेबल तिच्यापुढे मोकळं केलं. तिने जुन्या साडीचा एक ब्लाउज कापला, शिवला आणि शुभाताईंच्याच अंगाला लावून दाखवला. तो त्यांना असा बसला की त्यांनी दुसऱ्या दिवशी मला विकत आणून मालनच्या हातात ठेवलं.

"ही तुझी," त्या म्हणाल्या. "हिला कागद दाखवायचा नाही, धार जाते. आणि खिळ्यावरून न्यायची ती जायच्या दिवशीच."

"मी कुठे जातेय, ताई?" मालन हसली होती.

पुढची वर्षं माझी सुखाची गेली. लग्नाचे शालू, डोहाळजेवणाचे हिरवे ब्लाउज, एप्रिलमधली जयंती आली की मालनच्या वस्तीतल्या बायकांचे पांढरेशुभ्र ब्लाउज. ठाण्याला राहायला गेलेल्या बायकासुद्धा कापड घेऊन इथेच यायच्या. "मालनने कापलंय ना? मग बघायला नको," असं म्हणायच्या. कौतुक मालनचं व्हायचं, पण पाती माझी होती. मी मनातल्या मनात अर्धं कौतुक काढून घ्यायची.

मग शुभाताईंची बोटं सुजायला लागली. संधिवात. कात्रीच्या मुठीत अंगठा जाईना. त्या मशीनवर बसायच्या, पण कापायचं सगळं काम मालनवर आलं. एकदा चहा पिताना त्या सहज बोलून गेल्या, "तू आहेस म्हणून दुकान आहे गो." मालनचा चहा मात्र तसाच निवत राहिला.

त्याचं कारण मला ठाऊक होतं, कारण त्याच दुपारी शुभाताई जेवायला घरी गेल्या असताना मालनला फोन आला होता. मरोळला हॉस्पिटलचे कपडे शिवणारा एक कारखाना आहे. तिथे कापायच्या विभागावर देखरेख करायला बाई हवी होती, आणि मालनची निवड झाली होती. पक्का पगार, पीएफ, रविवारची सुट्टी. मालनला यातलं काहीच कधी मिळालं नव्हतं. चाळिशी उलटली होती, पाठ दुखायची, आणि हात थकल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिला रोज टेबलाशी उभं असताना पडायचा. तो कुणाला पडत नाही?

"मला महिना लागेल, सर," मालन फोनवर म्हणाली. "इथे सांगायला लागेल ना."

पलीकडचा माणूस हसला असावा. मालन जरा तडकून म्हणाली, "दुकान लहान असलं म्हणून काय झालं? माझ्या भरवशावर माणूस बसलेलं आहे ना तिथे."

महिना मिळाला. आणि मित्रांनो, इथून माझ्या बाईची खरी परीक्षा सुरू झाली. सांगितलं नाही तर ती दुसरी केतन ठरणार होती. सांगितलं तर शुभाताईंचा जीव तुटणार होता, कदाचित दुकान बंद पडणार होतं. ती रोज ठरवून यायची. आज चहाच्या वेळी सांगते. चहाच्या वेळी शुभाताई बोटांना तेल चोळत बसलेल्या असायच्या. मग संध्याकाळी सांगते. संध्याकाळी गिऱ्हाईक. ती मला हातात घेऊन नुसती उघडझाप करत उभी राहायची. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, असा आमच्यावर जुना आरोप आहे. मी आजवर एकही भांडण लावलेलं नाही, पण त्या दिवसांत मलाही धास्ती वाटायला लागली.

हळूहळू तिने नवीन कापड कापणंच बंद केलं. कापलं तर शिवून द्यायला हवं, आणि तोवर आपण इथे असू का, हे तिचं तिलाच ठाऊक नाही. आधी कापलेलं ती भराभर शिवत होती आणि नव्या कापडांची थप्पी वाढत होती. "बरं नाही का गं तुला?" शुभाताई विचारायच्या. "जरा कणकण आहे," मालन म्हणायची.

एका रविवारी दुकान दुपारी बंद झालं. मालनने इकडेतिकडे बघितलं आणि मला खिळ्यावरून काढून पिशवीत टाकलं. मी चरकले. इतक्या वर्षांत मी त्या खोलीबाहेर पडले नव्हते. घरी तिची मुलगी प्रियंका अभ्यास करत बसली होती. तिने मला बघितलं आणि पुस्तक मिटलं.

"आई, कात्री आणलीस? म्हणजे सांगितलंस?"

"नाही गं. धार लावायला आणलीये. आपल्या गल्लीतला चाचा चांगली लावतो. मी जाईन तेव्हा जी कोण हिला धरेल, तिला बोथट मिळायला नको."

"धार लाव नाहीतर सोन्याने मढव. सांगितलं नाहीस ना, तर वाट लागेल हां तुझी."

मालनने मला फडताळात ठेवून दिलं. मला मात्र जे समजायचं ते समजलं. मरोळला विजेच्या यंत्राने कापडाचे थरच्या थर कापतात. तिथे मला काम नव्हतं. माणसाला नोकरी सुटली की निदान कुणीतरी तसं सांगतं. कात्रीला कोण सांगणार? मी रात्रभर तिच्या फडताळात पडून राहिले आणि मला फार वाईट वाटलं.

चाचा रविवारी आलाच नाही. सोमवारी सकाळी उशिरा आला. त्याने सायकल स्टँडवर लावली, पेडल मारत माझ्या दोन्ही पात्यांना धार दिली, आणि मालन मला पदरात गुंडाळून धावतपळत दुकानाकडे निघाली. तोवर शुभाताईंनी शटर वर केलं होतं. पुढचं मला शेवंतीकडून कळलं. शेवंती म्हणजे मालनच्या जागी हातकामाला आलेली बाई. ती सांगत होती, की रिकामा खिळा बघून शुभाताईंनी देवाला उदबत्तीही लावली नाही. सरळ थप्पीतलं वरचं कापड ओढलं आणि कापायला बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या सुजलेल्या बोटांत दोरे तोडायची छोटी कात्री होती आणि समोर एका नवरीचं मरून रंगाचं रेशीम. कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती.

"आलंस?" त्या वर न बघता म्हणाल्या. "माका वाटला, तूय गेलंस."

मालनने मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. "धार लावायला नेली होती, ताई."

"न विचारता? खिळा रिकामा दिसला की माझं काय होतं, तुला माहीत नाही?"

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. कान पकडून, चहा मागवून तिला ती वेळ सहज मारून नेता आली असती. मलाही क्षणभर वाटलं, नको बोलूस, राहू दे.

"तुम्हाला वाटलं ते खोटं नाही, ताई," मालन म्हणाली. "मी जाणार आहे. मरोळला नोकरी लागलीये, एक तारखेपासून. पण सांगून जाणार होते. रोज सांगायचं म्हणते आणि रोज जीभ उचलत नाही."

शेवंतीच्या हातातली सुई थांबली.

"त्यांनी तुला कधी सांगितलं?" शुभाताईंनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. मी महिना मागून घेतला होता."

"माझ्यासाठी महिना मागितलास, आणि त्यातला अर्धा माझ्यापासूनच लपवलास?" शुभाताईंचा आवाज चिरका झाला. त्या उठल्या आणि घरी निघून गेल्या. त्या दिवशी परत आल्याच नाहीत. मालनने ते मरून कापड समोर घेतलं, कुरतडलेली कड शिलाईच्या आत जाईल असं बेतलं आणि मला चालवलं. डोळे पुसायला ती मधेमधे थांबत होती, पण रेषा चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी शुभाताई आल्या. खिळ्याकडे बघितलं. मी होते. मग मालनकडे बघितलं.

"पीएफ आहे?"

"आहे."

"रविवारी सुट्टी?"

"आहे, ताई."

"मग जायलाच हवं गो. माझ्याकडे काय आहे? हा खिळा." त्यांनी उदबत्ती पेटवली. "पण शेवंतीचा हात बसवून जा."

शेवंती ओरडलीच. "मला नको हां, मालन! काज उसवता येतं. कापलं की कापलं. माझ्याने वाट लागेल."

"लागू दे. आधी अस्तरावर लाव वाट."

मग दोघी मिळून शेवंतीला शिकवायला लागल्या. मालन हात धरायची, शुभाताई शेजारी बसून खडूने रेघा मारून द्यायच्या. खडू त्यांना धरता येत होता, हे इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला मात्र शेवंतीचा हात आवडत नव्हता. तिचा अंगठा जाड, पकड घट्ट, आणि घाबरली की ती मला मधेच मिटायची. मी मुद्दाम अडत होते म्हणा ना.

अशाच एका दुपारी दुकानात मालन एकटीच होती. ती मला पुसून स्क्रूपाशी तेलाचा थेंब सोडत होती. अचानक थांबली आणि अगदी माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "मी जाणारे गं. तिथे तुला काम नाही, नुसती पडून गंजशील. तू इथेच राहा. शेवंतीला सांभाळून घे. घाबरते ती."

मित्रांनो, त्या दिवसानंतर मी अडले नाही.

शेवटच्या दिवशी मालनने स्वतः कापलेल्यांतला शेवटचा ब्लाउज शिवून, हुक लावून घडी केला. टेबल झाडलं. मला खिळ्याला टांगलं. शुभाताईंनी मला काढून पुन्हा तिच्या हातात दिलं. "रीत ती रीत. जाणाऱ्याने कात्री न्यायची."

"खिळा रिकामा करून जायला मी काय लपून जातेय?" मालन म्हणाली. "हिला राहू दे, ताई. मी हिलाही सांगितलंय."

शुभाताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मालनने मला परत खिळ्याला लावलं, "येते, ताई," म्हणाली आणि चप्पल घातली.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं. शुभाताईंची नजर सवयीने खिळ्याकडे आली. मी तिथे होते. मालन नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, देवाला उदबत्ती लावली आणि शेवंतीसाठी नवं कापड टेबलावर पसरलं.

आता मी शेवंतीची. एखाद्या रविवारी मालन येते, चहा पिते, माझी धार अंगठ्याने तपासते आणि शेवंतीला दोन शब्द सुनावते. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, या गावातून त्या गावाला, या कामावरून त्या कामावर जाल. जरूर जा. फक्त हातातलं पुरं करा आणि ज्यांची सकाळ तुमच्याकडे बघून सुरू होते, त्यांना आधी सांगा. सांगताना जीभ जड होईल, तरीही सांगा. आणि मागे एखादी जुनी कात्री राहणार असेल, तर तिच्याही कानावर घाला.

ती ऐकते. मी ऐकलं होतं.